गाठ काढली, राग ठेवला

आमच्या नॉर्डलँड गावात कुणी गेलं की चर्चच्या बायका हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेलं भांडंभर जेवण, पाठवतात, बाळ झालं की हॉटडिश पाठवतात, आणि कुणाच्या डोक्यातून लिंबाएवढी गाठ काढली तरी हॉटडिशच पाठवतात. त्या मार्चमध्ये आर्डिस हॅगनचा फ्रीजर अशा काचेच्या भांड्यांनी गच्च भरला होता. खिमा, मश्रूमचं सूप, वर बटाट्याचे कुरकुरीत तुकडे, आणि भांड्याच्या तळाला मालकिणीच्या नावाची पट्टी. आर्डिसने त्यातला घासही तोंडात घातला नव्हता. तिला त्या भांड्यांचा राग आला होता, आणि भांड्यांचा राग येणारी बाई आमच्या गावात त्याआधी कुणी पाहिली नव्हती.

नवरा वेंडेल मात्र पोटभर जेवत होता. डोक्यावरची टाक्यांची रेघ टोपीखाली झाकून तो खिडकीशी बसे आणि आल्यागेल्याशी पूर्वीसारखाच हळू आवाजात बोले. पूर्वीसारखा म्हणजे दोन वर्षांपूर्वीसारखा. धान्याच्या कोठारावर त्याने हयात घालवली, रविवारी चर्चच्या दारात उभं राहून लोकांना जागा दाखवली, आणि या सगळ्यात त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता.

मग तो बदलला. चर्चच्या दारात बायकांच्या अंगावरच्या कपड्यांबद्दल अचकट विचकट बोलू लागला. पार्किंगमध्ये एकाची कॉलर धरली. आणि आर्डिसची जुनी मैत्रीण मार्लिस चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात कॉफी करत होती, तेव्हा मागून येऊन त्याने तिला नको तिथे हात लावला.

दुसऱ्या एखाद्या गावात बोंबाबोंब झाली असती. आमच्या गावाने काय केलं, तर जागा बदलल्या. वेंडेलच्या पुढच्या बाकावरची माणसं गुपचूप मागे सरकली. बायका स्वयंपाकघरात जोडीजोडीने जाऊ लागल्या, आणि तसं ठरवताना कारण कुणी बोलून दाखवलं नाही. मार्लिसने आर्डिससमोर ब्रसुद्धा काढला नाही. उगाच तिला वाईट वाटायचं! आणि आर्डिस? घरच्या तळघरात वेंडेलने तिला फ्रीजरवर ढकललं आणि तिचं मनगट मोडलं, तेव्हा तिने सगळ्यांना सांगितलं की बर्फावर पाय घसरला. फेब्रुवारी होता. बर्फावर घसरलेल्याला आमच्याकडे कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

शेवटी गाठ सापडली ती एका स्कंकमुळे. त्या मांजराएवढ्या जनावराने हॅगनांच्या ओसरीखाली आपला दुर्गंधी फवारा मारला. शेजारचा कुत्रा पळाला, आर्डिसच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि वेंडेल त्याच ओसरीवर बसून शांतपणे कॉफी पीत होता. त्याला वासच येत नव्हता. मग काय, सारं गाव धावलं. अगं, त्याला नाकाच्या डॉक्टरकडे ने, लगेच ने, आजच ने. नाकाबद्दल बोलणं सभ्यपणात बसत होतं.

नाकाच्या डॉक्टरने मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर मेंडोझा नावाच्या त्या बाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं. नाकाच्या वर, कपाळाच्या मागे, पांढरा गोळा. तो वर्षानुवर्षं सावकाश वाढत आला होता, आणि वर्षभर आधी कुणी आणलं असतं तर शस्त्रक्रिया सोपी झाली असती, असंही त्या म्हणाल्या. आर्डिसने ते वाक्य तिथल्या तिथे पाठ केलं.

"राग, वासना, भीती हे सगळं मेंदूच्या पार आत, खोलवर तयार होतं," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्याही आणि माझ्याही. त्यातलं काय बाहेर पडू द्यायचं, हे बरंचसं कपाळामागचा हा भाग ठरवतो. गाठीने नेमका तोच दाबलाय."

"म्हणजे राग गाठीने बनवला नाही?"

"नाही. राग सगळ्यांकडेच असतो. गाठीने फक्त लगाम सोडला."

आर्डिसने प्लॅस्टरमधला हात टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "माझा लगाम धड आहे, डॉक्टर. म्हणून मी काय तो मरेपर्यंत ओढून धरायचा?"

डॉक्टर हसल्या नाहीत. मेंदूत असा नियम त्यांना तरी कुठे आढळला नव्हता, असं त्या म्हणाल्या.

शस्त्रक्रिया झाली, वेंडेल परत आला. वास येणं बंद झालं ते झालंच, पण बाकी सगळा तोच, मवाळ, थोडा थकलेला. मधल्या काळातलं त्याला काहीबाही आठवे, बरंचसं नाही. आणि त्याला कुणी काही सांगत नव्हतं. मनगटाला काय झालं, असं त्याने आर्डिसला विचारलं, तेव्हा ती उत्तर देण्याआधीच सोफ्यावर बसलेली मार्लिस बोलून गेली, बर्फावर घसरली रे ती. आर्डिसने तोंड उघडलं आणि मिटलं.

मग पास्टर कर्टिस आले. तरुण, गोड बोलणारे, लेमन बार्सचा, म्हणजे लिंबाच्या वड्यांचा, डबा घेऊन आलेले. येत्या रविवारी प्रार्थनेनंतर तळघरात वेंडेलच्या स्वागताची कॉफी ठेवली होती. आर्डिसने दोन शब्द बोलावेत, एवढंच. जे झालं ते वेंडेलने केलं नाही, आजाराने केलं, हे बायकोच्या तोंडून आलं की सगळ्यांच्या मनावरचं ओझं उतरेल.

"सगळ्यांच्या म्हणजे कुणाच्या?" आर्डिसने विचारलं.

पास्टरांना तो प्रश्न वाटलाच नाही. त्यांनी तिचा हात थोपटला, नेमका मोडलेला.

रविवारी तळघर भरलं होतं. लांब टेबलं, कागदी रुमाल, कॉफीची मोठी पिंपं. वेंडेल मधोमध बसला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं होती. पुढच्या बाकावरून मागे पळालेली तीच माणसं. पास्टरांनी चमचा कपावर वाजवला. आर्डिस उभी राहिली.

"तो वेंडेल नव्हता, असं मी म्हणावं अशी तुमची इच्छा आहे," ती म्हणाली. "मी म्हणणार नाही."

कुणीतरी कप बशीत ठेवला.

"गाठ त्याच्या डोक्यात होती. हात त्याचेच होते. मनगट माझं होतं, आणि ते बर्फावर मोडलेलं नाही, त्याने मला ढकललं म्हणून मोडलं. त्याला तुरुंगात टाका असं मी म्हणत नाहीये. आज सकाळी मीच त्याचा टाय बांधून दिलाय. पण मला राग आलाय. त्याचा आलाय, आणि तुमचा त्याहून जास्त. तुम्ही सगळे बघत होतात आणि जागा बदलत होतात. त्यातल्या एकाने तोंड उघडलं असतं, तर ही गाठ वर्षभर आधी निघाली असती. एकाने. आणि माझंही तोंड त्यात धरा."

ती बसली. आमच्याकडे कुणी असं बोललं तर काय करायचं असतं, हे कुणालाच शिकवलेलं नव्हतं. पास्टरांनी भजनाचं पुस्तक उघडलं आणि परत मिटलं.

वेंडेल टेबलाला धरून उठला. शेजारचा म्हणाला, "बस रे, तो तू नव्हतासच."

"मग कोण होतं?" वेंडेलने विचारलं. "नाव सांग ना."

वेंडेल आर्डिसकडे वळला. "मी तुला ढकललं?"

"हो."

"माझं चुकलं, आर्डिस."

"मी अजून रागावलेली आहे."

"राहा. पाहिजे तितके दिवस राहा." मग घसा साफ करून तो म्हणाला, "आणखी कुणाला?"

पुष्कळ डोळे स्वयंपाकघराकडे वळले. वेंडेल त्या दाराशी जाऊन उभा राहिला. आत मार्लिस कॉफीचं पिंप पुसत होती. ते पिंप केव्हाच कोरडं झालं होतं. आर्डिस त्याच्या मागोमाग गेली.

"मार्लिस, मी तुला काय केलं ते मला धड आठवत नाही. पण केलंय. माझं चुकलं."

"अरे, सोड ते. ती गाठ होती," मार्लिस हसून म्हणाली. ते हसू आर्डिस शाळेपासून ओळखत होती, आणि त्या हसण्यावर अख्खं गाव चाललं होतं.

"मार्लिस," आर्डिस म्हणाली, "खरं काय ते सांग."

मार्लिसचं हसू गेलं. तिने फडकं खाली ठेवलं.

"मी अजून या खोलीत दाराकडे पाठ करून उभी राहत नाही," ती म्हणाली.

वेंडेलने खाली पाहिलं, आपण दारात उभे आहोत हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो दार मोकळं करून तिच्या समोरच्या भिंतीशी, तिला सतत दिसेल असा, उभा राहिला.