रिबाउंडला आठ गुण

बास्केटबॉलमध्ये मी अजिंक्य होतो. (घरात. पाटावर!) सत्तरच्या दशकातली गोष्ट. कॉलेजच्या संघात माझ्याकडं एकच जबाबदारी होती, पाण्याची कळशी सांभाळायची. मग खेळायची हौस भागवायला मी घरी फाशांचा खेळ तयार केला. जुन्या लग्नपत्रिका कापून प्रत्येक खेळाडूची चिठ्ठी केली आणि तिच्यावर उंची, उडी, रिबाउंड असे दहापैकी गुण लिहिले. चेंडू रिंगला आपटून परत आला, की दोघांनी फासा टाकायचा आणि त्यात आपल्या खेळाडूचे रिबाउंडचे गुण मिळवायचे. ज्याची बेरीज मोठी, त्याचा चेंडू.

स्वतःच्या चिठ्ठीवर मी प्रामाणिकपणे रिबाउंडला तीन गुण दिले होते. पण समोर खेळायला बसायची आत्ती, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आणि ती हट्टानं माझीच चिठ्ठी घ्यायची. सारखी हरायला लागल्यावर एक दिवस ती कडाडली.

"तीन? आमच्या घरातलं पोरगं, आन् तीन?"

"आत्ती, गुण खेळावर असत्यात."

"खुळा हायस काय? गुण खुराकावर असत्यात! उद्यापास्नं दुधाच्या कट्ट्यावर चल. पेल्याला एक गुण वाढीव!"

झालं! रोज कट्ट्यावर म्हशीसमोर उभं राहायचं, धारोष्ण दुधाचा पेला रिचवायचा आणि घरी येऊन आत्तीनं पेन्सिलीनं माझा गुण वाढवायचा. आठ झाले आणि पाटावरचे चेंडू पटापट माझ्या चिठ्ठीला मिळायला लागले. आत्ती खूश! वाईट एवढंच झालं, की माझाही त्यावर विश्वास बसला.

"सर, रिबाउंड माझ्यावर सोडा," मी आमच्या क्रीडाशिक्षकांना सांगून टाकलं.

सरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. (फार वेळ लागला नाही.) "रविवारच्या सामन्यात उतरवतो. एक रिबाउंड घेतलास तर संघात. न्हाय घेतलास, तर कळशी कायमची!"

मला त्या संघात इतकं जायचं होतं, की आठवडाभर जेवणात लक्ष नव्हतं आणि कट्ट्यावर जाणंही राहिलं. रविवारी सकाळी आत्तीनं मला परस्पर कट्ट्यावर नेलं. "आठावर जातोस व्हय? दहा करून जा की!" पेले मोठे होते. मैदानात उतरलो तेव्हा माझ्या पोटात दुधाचा रंकाळा तलाव डुचमळत होता.

पहिला चेंडू रिंगवर आपटला. मी उडी मारली, म्हणजे मारायचं ठरवलं. पायांनी जमीन सोडली नाही. समोरचा शिडीएवढा गडी वरून म्हणाला, "पावणं, जरा बाजूला व्हा." पुढचे सगळे चेंडू त्यानंच नेले.

"आवो, चेंडू त्येला द्या की!" बाहेरून आत्ती ओरडली. "धा गुण हाईत त्येला!"

पंचांनी खेळ थांबवला. "मावशी, कुणी दिले दहा?"

"मी!"

सगळं मैदान हसलं. कळशी माझ्याकडंच बघतेय असं वाटायला लागलं, आणि खरं सांगतो, रडू यायचंच बाकी होतं. शेवटचा चेंडू रिंगवरून उडाला. झाडून सगळे वर झेपावले, वरच्यावर एकमेकांवर आदळले, आणि त्यांच्या बोटांतून निसटलेला चेंडू सरळ खाली आला. खाली होतं कोण? मी एकटा! पोटावर आपटला, तसा मी दोन्ही हातांनी कवटाळला आणि शिट्टी वाजली. सामना आम्ही हरलो होतो, पण आत्ती पदर खोचून नाचत होती.

सर धावत आले. "घेतलास की लेका! संघात आलास! पण उडी का न्हाय मारलीस?"

"सर, दूध सांडलं असतं."

घरी जाऊन आत्तीनं माझ्या चिठ्ठीवर रिबाउंडला ठसठशीत दहा लिहिले आणि उडीचे होते नव्हते ते सगळे गुण खोडले. पुढं मी संघातून चांगला खेळलो हो! पण आजही माळ्यावरचा डबा काढायला निघालो, की घरातलं कुणीतरी आतून ओरडतंच, "उडीला शून्य हाय त्येला, स्टूल द्या!" आणि मी निमूटपणे स्टूल घेतो.