जागेवरच बसण्याची अनुमती

मंगळवार, ८ ऑक्टोबर २०२४, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. माझ्या निरीक्षण-वहीत या वेळेपुढे एवढेच आहे: ‘निवेदन दिले. साहेबांचा चेहरा उतरला. परिणाम अपेक्षेपेक्षा जलद.’ शेवटच्या दोन शब्दांखाली मी रेघही ओढली होती. आज ती रेघ पाहवत नाही.

पदार्थविज्ञानात एम.एस्सी. होऊन मी वणीतल्या एका मोठ्या किराणा मार्टमध्ये बिलिंगच्या काउंटरवर उभी होते. घरी मी याला ‘संशोधन-शिष्यवृत्तीच्या परीक्षेपूर्वीचा तात्पुरता टप्पा’ म्हणत असे. टप्प्याचा चौदावा महिना चालू होता. ‘उभी होते’ हे शब्दशः घ्यावे. काउंटरवर बसलेली बाई गिऱ्हाइकाला आळशी दिसते, असा मालकांचा सिद्धांत असल्याने तीन काउंटरमागे एकही आसन नव्हते.

आमच्या संघटनेचा मार्टशी असलेला करार दिवाळीआधी संपत होता. पगारवाढ आणि सुट्ट्या यांवर दोन बैठकांत जुळत आले होते. अडले होते एका कलमावर: काउंटरमागे बसायला स्टूल. ते मान्य न झाल्यास धनत्रयोदशीच्या आठवड्यात संप करायचा, असे ठरले होते. हे कलम ज्यांच्यासाठी होते त्या मावशी माझ्या शेजारच्या काउंटरवर अकरा वर्षे उभ्या होत्या. त्यांच्या पायाच्या शिरा फुगल्या होत्या आणि डॉक्टरांनी दोनच पर्याय ठेवले होते: मधूनमधून बसा, नाहीतर काम सोडा.

“स्टूल नाही भेटलं तं दिवाळी झाली का सोडून देतो,” मावशी म्हणाल्या होत्या. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच.

मी मात्र प्रकरण शास्त्रीय पातळीवर नेले. शिंप्याची टेप आणून नऊ दिवस मावशींच्या पोटरीचा घेर सकाळ-संध्याकाळ मोजला.

“माहे पाय कायले मोजून राह्यली वं?”

“पुरावा लागतो, मावशी.”

“पाय दुखते हे मी सांगून राह्यलो, तो पुरावा नाही का?”

“ती तक्रार झाली.”

मावशींनी साडी थोडी वर उचलली आणि नासके टमाटे परत आणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहावे तसे माझ्याकडे सहनशीलतेने पाहिले. तुलनेसाठी मी स्वतःची पोटरीही मोजत होते. ती मावशींच्या पोटरीपेक्षा अधिक फुगत होती. हा विसंगत निष्कर्ष मी तळटीपेत ढकलला.

निवेदनाचा मसुदाही माझाच. संघटनेचे अध्यक्ष, गोदाम सांभाळणारे चाचा, म्हणाले होते, “बेटा, दोन ओळी लिही. स्टूल पाह्यजे, बस.” मी सव्वातीन पाने लिहिली. ‘स्टूल’ हा शब्द निवेदनाच्या भारदस्तपणाला शोभेना, म्हणून गाळला आणि लिहिले: ‘काउंटरवरील महिला कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेत जागेवरच बसण्याची अनुमती मिळावी, अन्यथा संघटना संपाचा मार्ग अवलंबील.’

आता, ‘बसणे’ या क्रियापदाला आमच्याकडे एक प्रस्थापित अर्थ आहे. तहसीलसमोर मंडप टाकून कुणी ना कुणी बसलेलेच असते. ‘ते बसले’ म्हटले की कशासाठी, एवढेच लोक विचारतात. कशावर, हे कुणी विचारत नाही. मला हे ठाऊक होते. समीकरणात मात्र मी ते धरले नव्हते.

साहेबांनी, म्हणजे आमच्या व्यवस्थापकांनी, निवेदन वाचून टेबलावर ठेवले. “जागेवरच बसणार? दुकानाच्या आत? ऐन दिवाळीत?”

“हो,” मी ठामपणे म्हणाले. “आणि ही आमची किमान मागणी आहे.”

त्यांनी तिसरी बैठक तिथल्या तिथे रद्द केली. दुसऱ्या दिवशी काउंटरपाशी एक चौकीदार नेमलेला होता. बायकांनी दुकानात ठिय्या मारू नये, यासाठी. त्याची पाळी बारा तासांची, म्हणून साहेबांनी त्याला आमच्याच मार्टमध्ये विकायला ठेवलेल्यांपैकी एक लाल प्लास्टिकचे स्टूल दिले होते. त्यावर बसून तो आम्ही बसत नाही ना, हे पाहत होता.

चाचा गोदामातून आले. त्यांनी आधी स्टुलाकडे पाहिले, मग माझ्याकडे. “बेटा, स्टूल तं आलं. बसणारा चुकला.”

मी निवेदनाची प्रत पुढे केली. त्यात व्याकरणाची एकही चूक नाही, हे मला दाखवायचे होते.

“चूक नाही, तेच तं. इतकं शुद्ध लिहिलं का साहेबाले उलटं समजलं. आता बोलणी बंद. संप झाला तं दिवाळी सगळ्यायची गेली, अन् मावशीची नोकरी गेली ते वेगळं. जा, तूच सांग त्यायले.”

मी आलेख घेऊन केबिनमध्ये गेले.

“हे काय?” साहेबांनी विचारले.

“पोटरीचा घेर. आडव्या अक्षावर दिवस आहेत.”

“कोणाच्या?” त्यांनी विचारले, आणि बहुधा उत्तर नको वाटून कागद उलटा ठेवला.

“साहेब, बसणे म्हणजे आम्हाला केवळ शारीरिक अर्थाने अभिप्रेत आहे.”

“सगळे शारीरिकच बसतात, मॅडम.”

मी सात मिनिटे गुरुत्वाकर्षण आणि शिरांतला रक्तप्रवाह समजावला. ‘स्टूल’ हा शब्द त्यातही आला नाही, हे नंतर लक्षात आले.

तेवढ्यात बाहेरून मावशींचा आवाज आला. “भाऊ, तिकडं डाळीच्या रांगेत पाह्य जरा. कोणी बसल्यावानी वाटून राह्यलं.”

चौकीदार लगबगीने डाळींकडे गेला. मावशींनी लाल स्टूल पायाने आपल्याकडे ओढले, त्यावर बसल्या आणि बिल करू लागल्या. समोर कोळसा खाणीतल्या कामगाराची बायको साबण, पोहे, तूरडाळ मांडत होती. तिचे सगळे लक्ष पोह्यांच्या भावाकडे होते.

साहेब काचेतून बराच वेळ पाहत राहिले. “याला बसणं म्हणता तुम्ही?”

“हो. एवढंच.”

“मग स्टूल पाहिजे, असं लिहायचं ना.”

संप टळला. कलम साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिले: ‘प्रत्येक काउंटरमागे एक स्टूल राहील.’ सव्वातीन पानांचे पाच शब्द झाले. चाचांनी सही करताना माझ्याकडे पाहिले नाही, ही त्यांची सभ्यता. मावशी कामावर राहिल्या.

आठ दिवसांनी, अभ्यास पूर्ण करावा म्हणून, मी पुन्हा टेप काढली. मोजले आणि हादरले. “मावशी, फरकच नाही. इतके दिवस बसूनही.”

“डाव्यात कुठून येईन फरक? दुखते तं उजवा.”

“मग सांगितलं का नाही?”

“तू तुया काउंटरवरून वाकत होती, डावाच हाताले लागे. इतक्या मनानं लिहून राह्यली होती, कायले टोकू तुले?”

मी वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेले आणि गुडघ्यावर बसले. मावशी स्टुलावरून हलल्या नाहीत. त्यांनी फक्त उजवा पाय पुढे केला आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे बिल चालू ठेवले. नऊ दिवसांच्या आकड्यांवर मी काट मारली. त्याखाली या अभ्यासातली पहिली ग्राह्य नोंद आहे, आणि तीच शेवटची: उजवी पोटरी, सायंकाळी सहा वाजता, ३५.२ सेंमी.