केसपेपर काढून भेटायला आलेली आई

आमच्या ओपीडीत शिकाऊ डॉक्टर येतात आणि जातात; मी सिस्टर म्हणून बावीस वर्षं तिथेच. कुणाचा लळा लागू द्यायचा नाही, हे मी पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. पण ही पोरगी आली आणि माझं ठरवणं बाजूला राहिलं. चिमणीएवढं खायची, म्हणून मी तिला चिमणीच म्हणायचे. छत्तीस तासांच्या ड्युटीत उभ्या उभ्या तिचा डोळा लागायचा. एकदा चादरींच्या खोलीत रडताना सापडली. आई एकटी, बसने चार तासांवर. तीनदा रजा मिळाली, तीनदा रद्द झाली. वरचे डॉक्टर म्हणायचे, आम्हीही असंच शिकलो. जसं काही स्वतः भोगलं की दुसऱ्याला भोगायला लावायचा हक्कच मिळतो.

एका सोमवारी ऐंशी पेशंट होते. चिमणी मान वर न करता लिहीत होती.

"काय त्रास होतोय?"

"झोप लागत नाही."

"कधीपासून?"

"तीन महिने झाले."

"घरी कोण असतं?"

"कुणी नाही. मुलगी डॉक्टर आहे, तिला वेळ नसतो."

पेन थांबलं. समोर तिची आई, हातात केसपेपर. सख्ख्या आईचा आवाज ओळखू येऊ नये, इतकी दमली होती पोर.

नाडी बघायला धरावा तसा तिने आईचा हात धरला, तो सोडेचना. मागची रांग कुरकुरू लागली. शेवटी आईनेच हात सोडवून घेतला.

"माणसं खोळंबलीत, बाळा. परत कधी दाखवायला येऊ?"

"पंधरा दिवसांनी या," चिमणी सवयीने बोलून गेली आणि कानकोंडी झाली.

पंधराव्या दिवशी आई रांगेत पहिली. आत मात्र नवा डॉक्टर. चिमणीची ड्युटी आदल्याच दिवशी अतिदक्षता विभागात लावली होती.

"बरी आहे ना ती, एवढंच सांगा," आई म्हणाली.

पेशंटच्या नातेवाइकांशी मी सहज खोटं बोलते, पण तेव्हा जीभ रेटेना. टेबल सोडलं, बाईंचा हात धरला आणि तीन जिने चढले. रांग ओरडत होती. ओरडू दे म्हटलं.

दाराच्या काचेतून चिमणी दिसली. एका म्हाताऱ्या बाईच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत होती, घामाने निथळत. आई कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मी दार वाजवायला हात उचलला, तर तिने तो धरला.

"नको. तीही कुणाची तरी आई असेल."