एका हातानं उघडणारा चाकू

"याच्यात दम नाही जी," असं म्हणून तो चाकू काउंटरवर टाकायचा, लगेच दुसरा उचलायचा आणि त्यालाही तेच म्हणायचा. खोक्यातले सगळे चाकू असे नापास झाले की दुकानाची पायरी उतरायचा, चार पावलं जायचा, परत यायचा आणि विचारायचा, "नवा माल कधी येते?"

लाखांदूरच्या बसस्टँडजवळ माझं लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, कड्या, कुलपं, दोर, विळे, आणि काचेच्या एका खोक्यात खिशात ठेवायचे घडीचे चाकू. सत्तरच्या दशकातली गोष्ट सांगतोय. तेव्हा आमच्या भागात सुतळी, सुपारी, पेरू, पायातला काटा, सगळ्याला खिशातला चाकूच लागायचा. चाकू नसलेला माणूस म्हणजे घरून भांडून निघालेला, असंच लोक धरून चालायचे.

चाकू घेणाऱ्यांच्या तऱ्हा तुम्हीही पाहिल्या असतील. कुणी धार अंगठ्यावर बघतो, कुणी मनगटावरचे केस काढून बघतो, बरेचसे नुसत्या मुठीच्या रंगावर भाळतात. दम नाही म्हणणारा हा बाबा मात्र धारेकडे बघायचाच नाही. चाकू उजव्या हातात धरून अंगठ्यानं पातं ढकलायचा, मनगटाला झटका द्यायचा, पातं मांडीवर घासायचा, काउंटरच्या कडेला अडकवून ओढायचा, आणि शेवटी दातात धरायचा. कारण त्याचा डावा हात मनगटापासून खाली नव्हता. भातगिरणीच्या पट्ट्यानं तो नेला होता.

तो दिघोरीचा. गिरणीत हमाल होता. हात गेल्यावर मालकानं त्याला काढलं नाही, धान तपासायला फाटकावर बसवलं. गाड्या यायच्या, हा पोत्याची सुतळी कापायचा, मूठभर धान काढायचा आणि दाणा दाताखाली धरून ओल सांगायचा. काम हलकं, पण दर पोत्याला चाकू लागायचा. आणि घडीच्या चाकूला दोन हात लागतात. एका हातात मूठ, दुसऱ्या हाताचं नख पात्याच्या खाचेत. म्हणजे दिवसभर कुणाला तरी म्हणायचं, "उघडून दे गा." हमाल उघडून द्यायचे, पण हमालच ते! जरा नजर चुकली की चाकू बंद करून ठेवायचे आणि पुन्हा मागायला लावून हसायचे.

मग उघडाच का ठेवत नाहीस, असं मी विचारून पाहिलं. ठेवला होता म्हणे. खिशातून पातं मांडीत शिरलं. कमरेला म्यानातली सुरी लावली, तर एसटीच्या कंडक्टरनं गाडीत चढू दिलं नाही, आणि घरी म्हातारी आई डोक्याला हात लावून बसली की आपला पोरगा गुंड झाला.

खरं सांगतो, सुरुवातीला मला त्याचा वैताग यायचा. बाजाराच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची आणि हा आपला खोकं उपसून बसलेला. बसलेला म्हणतो तेही चूकच, तो कधी बसलाच नाही. एकदा मी चिडून म्हणालो की तुला चाकू नाही, दुसरा हात पाहिजे. माझं बोलणं त्याला लागेल असं वाटलं. तो शांतपणे म्हणाला, "हात नाही पाह्यजे भाऊ. फक्त कोणाले म्हणा लागू नये."

त्या दिवसापासून त्याची खाज मलाही लागली. नागपूरला माल आणायला गेलो की इतवारीत त्याच्यासाठी चाकू धुंडायचो. एकदा एक भारी प्रकार आणला. चाकू, कात्री, करवत, पेचकस, बाटलीचं बूच काढायचा मळसूत्री खिळा, अख्खं दुकान एका मुठीत. मी मोठ्या ऐटीत पुढं केला. त्यानं उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "सगळं आहे जी याच्यात. उघडणारा माणूस तेवढा नाही." तरी दातांनी प्रयत्न केलाच. पातं काही उघडलं नाही, समोरच्या दाताचा टवका मात्र उडाला. तो टवका जमिनीवरून उचलून त्यानं खिशात टाकला आणि एसटी धरायला पळाला.

मग कुठल्याशा ट्रक ड्रायव्हरकडून त्याला खटक्याचा चाकू मिळाला. बटण दाबलं की खट्कन पातं बाहेर. काय रुबाब वाढला गड्याचा! गिरणीच्या फाटकावर खट् वाजलं की थट्टा करणारे हमाल दोन पावलं मागं सरायचे. एवढ्यावर थांबता तर तो कसला? काम नसतानाही भर बाजारात खट्, खट्, खट्. शेवटी हवालदाराच्या कानावर गेलं आणि त्यानं याला ठाण्यात नेऊन बसवलं. ओळख द्यायला मी गेलो. हवालदार माणूस वाईट नव्हता. याला सोडतो म्हणाला, चाकू सोडत नाही.

बाहेर टपरीवर चहा घेतला. मी बाकावर, हा बशी घेऊन बाकाभोवती फेऱ्या मारतोय. चहा अर्धा रस्त्यावर सांडला. "दोन हातवाल्याइच्या सोयीचा चाकू कायद्यात बसते," तो म्हणाला, "माह्या सोयीचा कायले बसत नाही?" मी चहाचे पैसे दिले आणि त्याला गल्लीतल्या लोहाराकडे घेऊन गेलो.

पुढची कल्पना माझी की लोहाराची, यावर आम्ही दोघं नंतर बरीच वर्षं भांडलो. कल्पना अगदी साधी. माझ्याच खोक्यातला घडीचा चाकू घ्यायचा, पात्याच्या पाठीजवळ भोक पाडून त्यात रिबिट, म्हणजे टोपीचा आखूड खिळा, ठोकायची आणि तिचं डोकं बाहेर राहू द्यायचं, म्हणजे अंगठा त्यात अडकतो आणि पातं वर ढकलता येतं. पहिल्यांदा पातं इतकं ढिलं झालं की सुतळी कापताना मिटून त्याच्या बोटावर बसलं. नंतर इतकं घट्ट झालं की लोहाराच्याही अंगठ्याला उघडेना. लोहार मला शिव्या घालायचा, मी याला, आणि हा भात्याच्या चहूबाजूंनी येरझारा घालायचा.

शेवटी जमलं. त्यानं अंगठा लावला आणि पातं उघडलं. मांडीवर दाबून मिटवलं, पुन्हा उघडलं. दम नाही वगैरे काहीएक बोलला नाही. तसाच उघडझाक करत बसस्टँडवर गेला, आणि त्या नादात दिघोरीची गाडी त्याच्या समोरून निघून गेली. लोहार आणि मी पोट धरून हसलो. मला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

आता तरी हा माणूस निवांत होईल असं आम्हाला वाटलं. कसला निवांत! मूठ घामानं सरकते, रिबिट खिशाला घासते, काही ना काही काढून यायचाच. पण "उघडून दे गा" मात्र त्याच्या तोंडून गेलं ते गेलंच.

पुढं त्याचं लग्न ठरलं. आमच्याकडे नवरदेवाला हळद लागली की त्याच्या हातात चाकू देतात, टोकाला लिंबू खोचलेला. लग्नाचे सगळे विधी उरकेपर्यंत ते लोखंड हातातून सुटू द्यायचं नाही, नाहीतर बाहेरची बाधा होते म्हणतात. यानं हट्टानं लोहारानं केलेला चाकूच घेतला. बायाबापड्यांनी हौसेनं लिंबू खोचलं. नवरदेवाला हात एकच आहे, हे त्या घाईत कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

आदल्या दिवसापासून त्याचा तो हात अडकून पडला. डास चावला तरी खाजवता येईना. बाशिंग घसरलं की मान वाकडी करायचा. हार त्यानं थोट्या हातावर अडकवून नवरीच्या गळ्यात घातला. तेवढं निभावलं. मग पंगत बसली. पुढं पत्रावळ, भात, वरण, आणि हा नुसता बघतोय. त्याची आत्या म्हणाली, लोखंड खाली ठेवायचं नाही, मी भरवते. त्यानं तोंड मिटून घेतलं आणि भूक नाही म्हणाला. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, हे मांडवात सगळ्यांना माहीत होतं. आता नवरदेवानं घास घेतल्याशिवाय पंगत सुरू कशी व्हायची? हात आखडून सगळे बसून राहिले. नवरीचा बाप हात जोडून समोर उभा. आमचं काही चुकलं का जी, असं पुन्हा पुन्हा विचारत होता.

नवरी शेजारीच बसली होती. तिनं मान वर केली नाही. पदराखालून हात पुढं केला आणि म्हणाली, "माह्यापाशी द्या जी. मी मागून जेवीन."

आत्या पुटपुटली, पण लोखंड जोडप्यातच राहत होतं, तिला काही बोलता येईना. त्यानं नवरीकडे पाहिलं आणि चाकू तिच्या हातात दिला. मग ठसका लागेस्तोवर भराभर जेवला, कारण ती उपाशी बसली होती.

नंतर वरठीला लोखंडाचा कारखाना झाला. तिथं त्याला फाटकावर नोकरी लागली आणि ते बिऱ्हाड तिकडे गेलं. आता तो वारल्यालाही बरीच वर्षं झाली. मला शेवटचा दिसला तो तिथल्याच स्टेशनवर.

मी नागपूरच्या गाडीची वाट बघत होतो. पलीकडच्या बाकावर ही दोघं. बाकाला पाठ टेकून बसलेला मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. त्यानं खिशातून चाकू काढून बायकोपुढं धरला. तो साधा, नखानं उघडायचा चाकू होता. ती शेजारणीशी बोलत होती. बोलता बोलताच तिनं तो उघडून परत दिला आणि हा पेरू कापू लागला.

मला राहवलं नाही. जवळ जाऊन विचारलं, लोहाराचा चाकू कुठं गेला?

"घरी आहे भाऊ. चांगला चालते," तो म्हणाला. मग जरा लाजून बायकोकडे बघत म्हणाला, "पण हिले म्हणा लागत नाही जी."

लोहाराला ही गोष्ट मी कधीच सांगितली नाही.