घाईबाई सिनेमा बघायला गेली

कापडाच्या गिरणीत तिला सगळे घाईबाई म्हणायचे. पाळी सुटल्याचा भोंगा पुरता वाजायच्या आत हिचं एक पाऊल फाटकाबाहेर. घरी पोरगा, स्वयंपाक, नळाचं पाणी, सगळं आपल्यावाचून अडून बसलंय असा तिचा पक्का समज. तिच्या समोरच्या रांगेत नवऱ्याचा माग. त्याला नाव पडलं होतं रेडिओ. तो घटकाभर गप्प बसला तर लोक विचारायचे, "का रे, बरं वाटत नाही का?"

आता मागांच्या खात्यात बोलणं कसं असतं ते आधी सांगायला हवं. इतके माग एकदम धडाडायला लागले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला कळत नाही. म्हणून विणकर आवाज काढायच्या भानगडीत पडतच नाहीत. ओठ मोठाले हलवायचे, भुवया उडवायच्या, समोरच्यानं ओठांवरून वाचायचं. मुकादमाची टिंगल, सासूच्या कागाळ्या, जुळलेली लग्नं आणि मोडलेली, सगळं चार रांगा ओलांडून, बिनआवाजी. कुणाचं खाजगी चाललं असेल तर आपण पाठ फिरवायची. तिथे दाराला कडी लावणं म्हणतात ते हेच. घरी जेवतानासुद्धा ही दोघं सवयीनं तशीच बोलायची आणि पोरगा ताट वाजवायचा, "आवाज चालू करा की!"

रेडिओला खोकला लागला त्या सुमारास फिल्मवाली आली. काडीसारखी पोरगी, खांद्यावर तिच्याहून जड कॅमेरा. कापसाची धूळ कामगारांच्या छातीत बसते आणि मालक म्हणतात, सिगारेटी ओढतात म्हणून खोकतात, यावर तिला सिनेमा करायचा होता. फाटकावर आत सोडेनात. मग मुकादमाच्या लेकीचे छान फोटो काढून देते म्हणाली आणि शिरली. खात्यात फिरून माग टिपले, धूळ टिपली, माणसं टिपली, रेडिओलाही टिपलं.

सिनेमा झाला, पण दाखवणार कोण? थिएटरवाले हात झटकून मोकळे. वरून बंदीही आली. फिल्मवाली तो सिनेमा पेटीत घालून कुठल्या कुठल्या देशांत दाखवत फिरली. इकडे रेडिओ गेला. मग गिरणीही गेली.

घाईबाईकडे त्याचा कोट राहिला, भिंतीवर फोटो राहिला. आवाज मात्र राहिला नाही. डोळे मिटले की चेहरा समोर उभा राही, तोंड हलताना दिसे, पण ऐकू काही येईना. नात विचारी, "आजोबांचा आवाज कसा होता गं?" ही सांगायला जायची, "जाडसर... नाही, तसा जाडसर नाही," आणि तिथेच अडकायची. एवढा बडबडा माणूस, आणि त्याचा एक शब्द कानात उरू नये? हे तिला फार लागे. कुणाजवळ बोलायची मात्र नाही.

म्हणून, बंदी उठून वाचनालयाच्या हॉलमध्ये तो सिनेमा लागणार असं कळलं, तेव्हा ती भर उन्हातच तयार होऊन बसली.

सून म्हणाली, "आई, अजून हॉलचं कुलूपसुद्धा काढलं नसेल."

"मग पुढची जागा कोण धरणार? तुझा नवरा? तो स्वतःच्या लग्नाला उशिरा आला होता."

हॉलमध्ये जुने विणकर जमलेले. कुणाला दिसत नव्हतं, कुणाला ऐकू येत नव्हतं, तरी सगळ्यांना पुढेच बसायचं होतं. शेजारी कांडीवाली, मागांना सुताच्या कांड्या पुरवणारी तिची जन्माची मैत्रीण. अंधार झाला. धूळ दिसली, माग दिसले, आणि मग पडदाभर रेडिओ. तरणा, केसांत कापूस. घाईबाईनं कान टवकारले. त्याचे ओठ हलले, आणि आवाज आला कुणा भलत्याच माणसाचा. भारदस्त आवाजात तो सांगत होता, या कामगाराच्या छातीत हळूहळू मरण साठतंय.

"हा कोण मेला मध्येच?" घाईबाई पुटपुटली.

तेवढ्यात पुढच्या दोन्ही रांगा खो खो हसायला लागल्या. फिल्मवाली, आता केस पिकलेली, घाबरून उठली. सिनेमा थांबवला.

"अहो, काय झालं? या जागी जगभर लोक रडलेत!"

"रडू देत बिचारे," कांडीवाली डोळे पुसत म्हणाली. "तो बायकोला सांगतोय, अगं, एप्रन उलटा घातलायस, खिसे आत गेलेत, अशीच सिनेमात जाणार का?"

फिल्मवाली आधी गोरीमोरी झाली, मग तीही हसत सुटली. "मावशी, मला वाटलं होतं, तो त्याचं दुखणं सांगतोय."

घाईबाई हसली नाही. "त्या मधल्या माणसाला बंद कर," ती म्हणाली, "आणि परत लाव. नुसता आमचा आवाज ठेव."

फिल्मवालीनं निवेदनाशिवायची प्रत काढून परत लावलं. मागांचा धडधडाट हॉलभर पसरला, आणि त्यात दुसरं काहीच नव्हतं. असणार कुठून? तिथे त्यानं कधी आवाज काढलाच नव्हता. ही एवढी विणकरीण, पण येताना हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिचे हात मांडीवर गळून पडले.

पण डोळे पडद्यावरच होते. एप्रनचं सांगून झालं. कडेला तरणी घाईबाई दिसली, तुटलेला धागा जोडायला वळलेली, त्याच्याकडे पाठ करून. आणि रेडिओ तिच्या पाठीशी बोलतच होता. मघाशी हशात हे कुणी पाहिलंच नव्हतं.

"आज थांब ना माझ्यासाठी. सावकाश जाऊ, नदीकडून. रोज पुढे पळतेस. तुझ्या मागं धावायला मला आता दम पुरत नाही."

पडद्यावरची घाईबाई धागा जोडत राहिली. त्या दिवशी ती थांबली का? कसली थांबते! भोंग्याबरोबर घरी. तो बऱ्याच उशिरानं आला आणि काही न बोलता पायरीवर बसला होता. विचारलं तर म्हणाला, काही नाही.

हॉलमध्ये आता कुणी हसत नव्हतं. सगळ्यांनी वाचलं होतं.

दिवे लागले, खुर्च्या सरकल्या, लोक पांगले. सून पर्स सावरत म्हणाली, "आई, चला, बस निघेल."

"निघू दे," घाईबाई म्हणाली. "मी थांबते जरा."

ती कोऱ्या पडद्याकडे बघत राहिली. मग तिचे ओठ हलायला लागले, मोठाले, सावकाश, भुवयांसकट. दारात उभ्या कांडीवालीला ते दिसलं. तिनं सुनेला दंडाला धरून बाहेर वळवलं आणि स्वतःही पाठ फिरवली.