आक्कांच्या अर्जातलं ‘होय’

प्रिय इरा आणि नील,

परवा फोनवर इरा सांगत होती, की नवा कारखाना उभा राहण्याआधी त्याच्या पाण्याचा आणि धुराचा आसपास काय परिणाम होईल, याचे अहवाल तपासणं हे तिचं काम. मग म्हणाली, “आजी, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं ना?” होतं, बाळा. नुकतंच आलं होतं. फोन ठेवला आणि मला इतका राग आला, की समोरचा चहा गार झालेला कळला नाही. राग तुझ्यावर नाही, इरा. पन्नास वर्षांपूर्वीचा आहे आणि तो मी कुणालाच धड सांगितलेला नाही. तू आता त्याच कामात आहेस, म्हणून तुला तरी तो माहीत असावा. नीलनेही वाचावं.

आमच्या गल्लीत आक्का कुणालाही ताणा ओलांडू देत नसत. घोंगडी विणण्याआधी लोकरीचे उभे धागे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून ठेवत, तो ताणा. मग त्याला चिंचोक्याची खळ लावायची, म्हणजे धागा ताठ होतो आणि मागावर तुटत नाही. ताणा पसरलेला असला की सगळ्या गावाने वळसा घालून जायचं. एकदा लग्नाची वरात आली. वाजंत्री थांबली, नवरदेव घोड्यावर घामाघूम झाला, वरबाप हातघाईवर आला. आक्का हातातला खळीचा कुंचा न ठेवता म्हणाल्या, “नवरदेवाला लगीन एकदाच करायचंय, मला घोंगडं रोज इनायचंय. घोड्याला चार पाय हायेत, जाईल की मागनं.” वरात मागून गेली.

हे नगर जिल्ह्याच्या कोरड्या भागातलं, ओढ्याकाठचं गाव. तुमचे आजोबा तिथल्या हायस्कुलात मास्तर होते आणि मी इंग्रजी शिकवत असे. आक्कांची खोली आमच्या भिंतीला भिंत लावून होती. वय पन्नाशीचं, नवरा कधीच वारलेला, मुलगे मागावर. त्यांच्या शब्दावर गल्लीतले आठ माग एका पत्र्याच्या शेडमध्ये आले होते. धनगर मेंढ्या कातरून लोकर आणून टाकत. बाया ती ओढ्यावर धूत, पिंजत, कातत. पुरुष विणत. खळ मात्र आक्का दुसऱ्या कुणाला शिजवू देत नसत. दोन बोटांत धरून ताणून बघत. “तार धरली की झाली,” म्हणत. उरलेली खळ गाई-म्हशींना घालत आणि भांडी धुतलेलं पाणी ओढ्याला जाई. त्यांच्या सासूच्या वेळीही ते तिकडेच जात होतं.

त्या फार बोलत नसत, पण खोटं बोलणाऱ्याला सोडत नसत. लोकरीत पाणी मारून वजन वाढवणाऱ्या एका धनगराला त्यांनी सगळ्यांदेखत लोकर पिळून दाखवायला लावली होती. वर विचारलं, “मेंढरं पोहत आली व्हय रं?” पुढे तो वर्षभर त्यांच्याशीच सौदा करत होता. त्याचं म्हणणं असं, की आक्का शिव्या देतात पण माप खरं धरतात.

शेडला पिंजणाचं यंत्र हवं होतं. हाताने पिंजून बायांच्या छातीत लोकर बसत होती, खोकून खोकून त्या बेजार होत. यंत्राला वीज हवी आणि विजेला नगरच्या कार्यालयाचं ना-हरकत पत्र हवं. पाण्याचा नवा कायदा आला होता. नदी-ओढ्यात पाणी सोडणाऱ्या प्रत्येक धंद्याने संमती घ्यायची होती. कायदा चांगला होता, हे मी आजही म्हणते. अर्ज इंग्रजीत होता. आक्का तो घेऊन माझ्याकडे आल्या आणि चुलीपाशी बसल्या.

मी शिस्तीची बाई. एकेक प्रश्न मराठीत सांगायचा, उत्तर ऐकायचं, स्वच्छ अक्षरात लिहायचं. एका रकान्यात विचारलं होतं, धंद्याचं सांडपाणी ओढ्यात सोडता का, होय की नाही.

“सोडतो की,” आक्का म्हणाल्या. “लोकर धुतल्यालं, खळीची भांडी धुतल्यालं.”

“आक्का, हे लिहायचं का?”

“का? चोरी हाय का? खरं तेच लिवा, बाई.”

मी ‘होय’ लिहिलं. खाली दोन ओळींत लोकरीचा मळ आणि चिंचोक्याची खळ, असं सविस्तर वर्णनही केलं. कुणी विचारलं नव्हतं, तरी केलं. खरं बोलणाऱ्याला सरकार मदत करतं, अशी माझी समजूत होती. त्या समजुतीची मला आजही लाज वाटते.

दीड महिन्याने जीप आली. नेमका ताणा पसरलेला होता. अधिकारी तरुण होता, बूट चकचकीत. तो ओलांडायला निघाला तशा आक्कांनी कुंचा आडवा धरला आणि त्याला अख्ख्या गल्लीचा वळसा घालून शेडपर्यंत आणलं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले.

त्याने शेड पाहिली नाही. फाईल उघडली आणि माझ्या अक्षरावर बोट ठेवलं. “हे तुम्हीच लिहून दिलंय ना? सांडपाणी ओढ्यात सोडता. संमतीशिवाय सोडता येत नाही. शुद्धीकरणाची सोय नाही, म्हणजे संमती मिळणार नाही. काम बंद ठेवा.”

आक्कांना आधी कळेना. मग म्हणाल्या, “सायेब, वरच्या अंगाला साखर कारखान्याची दारूची भट्टी हाय. तिचं मळीचं काळं पानी ह्याच ओढ्यात येतं. मासं मेलं, जनावर तोंड लावत न्हाई. ते बघितलं का?”

“त्यांचा अर्ज पाहिलाय. त्यांनी ‘नाही’ लिहिलंय.”

“लिवलंय. पर पानी येतंय न्हवं?”

“मला अर्जावरून चालावं लागतं.”

“मंग डोळं घरी ठिवून आला का सायेब? चला, पन्नास पावलांवर हाय वढा.”

तो आला नाही. बूट खराब होतील असं तो म्हणाला नाही, पण बुटांकडे पाहिलं. शेडला कुलूप लागलं.

आक्कांनी हार मानली नाही. दुसऱ्या दिवसापासून लोकर घरासमोर मोठ्या घमेल्यात धुवायची आणि पाण्याचा थेंब न् थेंब बादल्यांनी उचलून पाटलाच्या मळ्यात नेऊन ओतायचा, असं त्यांनी सुरू केलं. महिनाभर गल्ली डोक्यावर पाणी वाहत होती. मग मी नवा अर्ज लिहिला, त्यात ‘नाही’ लिहिलं, आणि आम्ही दोघी एसटीने नगरला गेलो. खिडकीतल्या कारकुनाने दोन्ही अर्ज शेजारी ठेवले. “आधीचा होय, आताचा नाही. म्हणजे एक खोटा. कुठला ते तुम्हीच सांगा,” म्हणाला आणि पेनाला टोपण लावलं. मी इंग्रजीत भांडले. माझ्या इंग्रजीचा एवढाच उपयोग झाला, की त्याने मला बसायला खुर्ची दिली. आक्का उभ्याच होत्या.

त्यानंतर दुष्काळ पडला. आठही मागांची माणसं खडी फोडायला गेली, त्यांच्यात आक्काही होत्या. रविवारी मी त्यांच्यासाठी भाकरी घेऊन खडीच्या कामावर गेले. वाट ओढ्यातूनच होती. ओढा कोरडाठाक पडला होता, नुसते गोटे. मधोमध एक काळी धार तेवढी वाहत होती, वास मारत. त्या दुष्काळात गावात एवढंच वाहतं पाणी होतं. आणि शेड अजून बंद होती, हा ओढा स्वच्छ राहावा म्हणून! मी तिथे उभी राहून मोठ्याने शिवी दिली. आयुष्यातली पहिली.

आक्का खडीच्या ढिगापाशी बसल्या होत्या. बोटांना चिंध्या बांधलेल्या. मी म्हणाले, “आक्का, माझं चुकलं. त्या दिवशी मीच ‘नाही’ लिहायला हवं होतं.”

त्यांनी हातोडी खाली ठेवली. इतक्या चिडलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. “गप बसा, बाई. मी सांगितलं, तुमी लिवलं, खरं हुतं. ज्यानं खोटं लिवलं तो बसलाय गादीवर, आन् माफी तुमी मागताय? पुन्यांदा असं बोललात तर भाकरी घिऊन परत जा.”

मी भाकरी सोडून त्यांच्यापुढे ठेवली आणि त्यांचं खाऊन होईपर्यंत तशीच उन्हात बसले.

पुढच्या वर्षी आजोबांची बदली झाली. आक्का स्टँडवर आल्या होत्या. बोटं अजून सुजलेली होती. “पोरींना अर्ज वाचायला शिकवा. लिवायला शिकवनारे लई हायेत,” एवढंच म्हणाल्या. काही वर्षांनी आजोबांच्या एका मित्राचं पत्र आलं, की आक्का गेल्या, आणि त्यांची शेड भट्टीची पिंपं ठेवायला दिली आहे. ते पत्र मी फाडून टाकलं.

इरा, तुझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांत एखादं ‘नाही’ फार नीटनेटकं दिसलं, तर उठ आणि ओढा बघून ये. आणि कुणी वेड्यासारखं ‘होय’ लिहिलं असेल, तर त्याला आधी खुर्ची दे. मला तुझ्याकडून एवढंच हवं आहे.

मागच्या थंडीत मी तिथे जाऊन आले. शेडचे पत्रे गेले आहेत. ओढ्याच्या पाण्याला अजून तोच वास आहे. आक्कांच्या धाकट्या सुनेने घराच्या पडवीत एक माग ठेवला आहे. ती आणि तिची मुलगी वर्षाला थोडीच घोंगडी विणतात, आणि त्यासाठी त्यांनी कुणाकडेही अर्ज केलेला नाही.