शंभर तासांचा रकाना

कागद स्वच्छ होता, सुबक छापलेला होता; फक्त त्यातला एक रकाना गायब होता. मोजणीमास्तरांना त्या कागदाची किळस आली.

सव्वीस वर्षं ते वीज साठवणाऱ्या यंत्रांची चाचणी घेत होते. कुणी काहीही दाखवलं की त्यांचा प्रश्न एकच, "किती तास?" सून घरात आली तेव्हा तिच्या नोकरीबद्दलही त्यांनी तेच विचारलं. ती टेकडीवरच्या रुग्णालयात नर्स. "बारा, बाबा," ती म्हणाली होती. "धुकं पडलं की मोजत नाही."

गेल्या हिवाळ्यात चार दिवस सूर्य दिसला नाही. छतावरच्या सौरपट्ट्या आंधळ्या झाल्या, बॅटरी पहिल्याच दुपारी संपली. कमी वजनाची बाळं नर्सनी छातीशी धरून उबेत ठेवली. एक गेलं. सुनेनं हे सांगितलं ते भांडी विसळत, पाठमोरी.

म्हणूनच रुग्णालयानं शंभर तासांची तुलना मागितली होती. पाणी वर चढवून साठवणं उत्तम, पण टेकडीवर दुसऱ्या तळ्याला जागा नव्हती. उरल्या दोन बॅटऱ्या. लिथियमची चटपटीत, साठवलेल्या शंभर युनिटांतले नव्वद परत देणारी. लोखंडाची पेटी कपाटाएवढी, सुस्त, निम्मंच परत देणारी. पण तेवढ्याच पैशात ती शंभर तास चालली. लिथियम चार तासांत गार. मास्तरांनी हे सगळं मांडलं होतं. साहेबांच्या खोलीतून कागद परत आला तेव्हा त्यात चार तासांचाच रकाना उरला होता.

"सगळ्यांना सारखा निकष, मास्तर. आणि खोटं काय आहे यात? एकेक आकडा तुमचाच."

"फटाका आणि आगगाडीची शर्यत लावलीत, साहेब. अंतर ठेवलंत अंगणाएवढं."

आकडे आपलेच, हेच सगळ्यात किळसवाणं होतं. आपण शिजवलेल्या अन्नात कुणीतरी थुंकून तेच ताट पुढे सरकवावं, तसं. लिथियमवाला विक्रेता शेजारीच बसला होता. त्यानं मास्तरांचा हात आपल्या मऊ, ओलसर, अत्तर लावलेल्या हातांत घेतला. "काका, सही तेवढी." मास्तरांनी हात विजारीला पुसला. तीन महिने याच माणसाचा चहा आपण प्यायलो, हे आठवून त्यांना स्वतःचीही शिसारी आली.

"उद्या रुग्णालयाच्या मेट्रनबाई चाचणी बघायला येताहेत ना? त्यांच्यासमोर करतो."

दुसऱ्या दिवशी नऊला दोन्हींवर एकेक हीटर लागला. मेट्रनबाई खुर्चीत वही घेऊन बसल्या. एक वाजला, दोन्ही हीटर लालबुंद.

"झालं," साहेब उठले. "बंद करा मास्तर, जेवून घेऊ."

मास्तरांचे हात खिशातच.

"करा ना बंद."

"रुग्णालयात कोण बंद करतं, साहेब?"

"काका गमतीचे आहेत," विक्रेता हसला.

एक वाजून बारा मिनिटांनी लिथियमचा हीटर काळा पडला. मेट्रनबाईंनी त्याच्यापुढे तळवा धरला, मग दुसऱ्यापुढे. तिथे बराच वेळ धरून ठेवला.

"आणि हा किती तास?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्यांना दुसऱ्या कुणीच विचारला नव्हता.

"अजून पंचाण्णव तास, अठ्ठेचाळीस मिनिटं. बसा."

मेट्रनबाईंनी खुर्ची उबेकडे ओढली. विक्रेत्यानं निरोपाला हात पुढे केला. मास्तरांचा हात खिशातून बाहेर आला नाही.